चित्रातलं चित्र की चित्रावरचं चित्र?

नौपाडा, ठाणे
माझा चित्रकलेचा वर्ग आहे. पावसाने उघडीप दिली की रविवारी मुलांना घेऊन तलावपाळीला जाते. गेल्या खेपेला सगळे मासुंदा तलाव रंगवत होते, तेव्हा एक मुलगा सगळ्यांच्या मागे जाऊन बसला. त्याने पुढे बसलेल्या मैत्रिणीची पाठ काढली. तिच्या मांडीवर बोर्ड, बोर्डाला चिमटे, कागदावर अर्धा झालेला तलाव. बाहेरचा तलाव त्याने राखाडी ठेवलाय, तिच्या कागदावरचा मात्र हिरवागार. "ती तसाच रंगवत होती," म्हणाला. आता चित्रं वर्गात लावायची आहेत आणि याच्याखालच्या चिठ्ठीवर मी अडले आहे. चित्राबद्दलच्या चित्राला इंग्रजीत 'मेटापेंटिंग' म्हणतात, पण ते लिहायचं नाही. 'अधिचित्र' कुणीतरी सुचवलं, पण 'अधि' म्हटलं की मला अधिनियम, अधिसूचनाच आठवतात. आपल्या भाषेत काय म्हणावं?

नेरूळ
'पोटचित्र' म्हणा की! पोटकलम, पोटभाडेकरू, पोटनिवडणूक आपण रोज म्हणतो. समजावून सांगावं लागणार नाही.

घणसोली
पण पोटचित्र हे आतल्या चित्राचं नाव झालं. ताईंना ते पोटात घेणाऱ्या चित्राचं हवंय. संस्कृत नाट्यशास्त्रात नाटकातल्या नाटकाला 'गर्भांक' म्हणतात. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त सातव्या अंकात तो आहे. त्या धर्तीवर 'चित्रगर्भ' करता येईल. हिरण्यगर्भासारखा बहुव्रीही, ज्याच्या गर्भात चित्र आहे ते.

नौपाडा, ठाणे
चित्रगर्भ फार आवडला. दोन दिवस तो एकेका चित्राला लावून बघितला.

सतराव्या शतकात टेनियर्स या चित्रकाराने ब्रुसेल्सच्या आर्चड्यूकचं, म्हणजे तिथल्या राजघराण्यातल्या सुभेदाराचं, चित्रांचं दालन रंगवलं. भिंतभर चित्रं, खाली टेकवून ठेवलेलीही चित्रं. हे चित्रगर्भ, वादच नाही. पण त्यात मला संग्रहाचं वैभव दिसतं, चित्र कसं घडतं ते दिसत नाही. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं 'लास मेनिनास' (1656) वेगळं. त्यात चित्रकार स्वतः कुंचला घेऊन उभा आहे आणि भल्यामोठ्या कॅनव्हासची फक्त मागची बाजू आपल्याकडे आहे. तो काय रंगवतोय ते कळत नाही, म्हणून आपण बघतच राहतो. मागच्या अंधाऱ्या भिंतीवर रुबेन्सच्या एका चित्राची नक्कल टांगली आहे, विणकर अराक्नी आणि देवी मिनर्व्हा यांची. कारागीर आणि देवता यांच्यातली चढाओढ! ती तिथे उगाच नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि कोपनहेगनला गिज्ब्रेख्ट्स या चित्रकाराचं 1670च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यात चौकटीतल्या चित्राची निव्वळ पाठ रंगवली आहे. लाकडी पट्ट्या, खिळे, 36 आकडा लिहिलेली चिठ्ठी. बस्स. त्याच्या गर्भात कुठलंच चित्र नाही, तरी सगळं चित्र चित्राबद्दलच आहे. इथे चित्रगर्भ गळून पडतो.

तेव्हा मला वाटतं, समासापेक्षा आपले प्रत्यय जास्त कामाचे. 'चित्रातलं चित्र' म्हणजे आत दिसणारं. 'चित्राचं चित्र' म्हणजे नक्कल. 'चित्रावरचं चित्र' मात्र दुहेरी आहे. 'वर' म्हणजे पृष्ठभागावर, आणि 'शेतीवर पुस्तक लिहिलं' म्हणतो तसं 'विषयी'सुद्धा. गिज्ब्रेख्ट्सला हेच शोभतं.

नेरूळ
मग कालिदासाच्या शाकुंतलाच्या सहाव्या अंकातलं दुष्यंताचं चित्र कशात बसवाल? शकुंतला काढून झाली आहे, आणि राजा सांगतोय अजून काय काढायचं राहिलंय: मालिनी नदी, वाळूत बसलेली हंसांची जोडी, झाडाखालची हरणं. पुढे तो चित्रातल्या भुंग्यालाच दटावतो, तेव्हा विदूषक आठवण करून देतो की अहो, हे चित्र आहे. तिथे चित्र अजून होतंय, ही गोष्ट मोलाची.

नौपाडा, ठाणे
अगदी! 'अजून होतंय' हेच माझ्याकडून सुटत होतं. त्या मुलानेही पुरा झालेला तलाव नाही काढला, होत असलेला काढला. आणि त्यासाठी मराठीत आयतं रूप आहे: 'पोहतानाचा फोटो', 'जेवतानाचा फोटो' म्हणतो तसं 'चित्र काढतानाचं चित्र'. नुसतं 'चित्रकाराचं चित्र' लिहिलं असतं तर ती मुलगी आली असती, पण तिचा हात चालू आहे हे आलं नसतं.

घणसोली
चिठ्ठीवर 'काढतानाचे' लिहिणार की 'काढतानाचं'?

नौपाडा, ठाणे
'काढतानाचं'. तो तसंच बोलतो. खाली बारीक अक्षरात 'चित्रगर्भ' पण लिहिलाय, मुलं विचारतील म्हणून.