आयरिशमध्ये 'फिअर' म्हणजे पुरुष? स्पेलिंगचा घोळ समजावा

लेकीची आई, डब्लिन:
मुलगी पहिलीत आहे. इथे प्राथमिक शाळेत आयरिश शिकावंच लागतं. तिच्या वहीत टोपीवाल्या माणसाच्या चित्राखाली एफ-ई-ए-आर लिहिलंय आणि बाईखाली बी-ई-ए-एन. म्हणजे इंग्रजीत बघितलं तर भीती आणि घेवडा! नवरा म्हणतो, छापायला चुकलं असेल. लेक मात्र ठासून 'फॅर' आणि 'बॅन' म्हणते. मग मधला 'ई' कशाला? घरात कुणाला आयरिशचा गंध नाही, गृहपाठ मात्र रोज.

गॉलवेचा काका:
ताई, लेकीचं बरोबर आहे. तो 'ई' उच्चारायचा नाहीच, तो शेजारच्या 'एफ'ची चाकरी करतो. आयरिशमध्ये प्रत्येक व्यंजनाचे दोन अवतार: बारीक आणि रुंद. शेजारी 'ई' किंवा 'आय' असला की बारीक. ए, ओ, यू असला की रुंद. म्हणून इथे 'एफ' बारीक, 'आर' रुंद. आपण 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा म्हणतोच ना? फक्त लिहून दाखवत नाही. हे लोक दाखवतात, म्हणून स्पेलिंगं लांबतात. अनेकवचन 'फिर': 'ई-ए' जाऊन 'आय' आला, आता 'आर'सुद्धा बारीक.

आणि नवऱ्याला सांगा, 'फॅर' हा आपल्या 'वीर'चा सख्खा भाऊ आहे, लॅटिनमधल्या 'विर'चाही. मूळ एकच. भीतीशी काडीचा संबंध नाही. 'बॅन'चं नातं इंग्रजीतल्या 'क्वीन'शी. 'बॅन्शी' ऐकली असेल, रडणारी हडळ, त्यातली 'बॅन' हीच.

कॉर्कची वहिनी:
काका, कामाचं राहिलंच की! पबमधल्या टॉयलेटच्या दारावर 'फिर' म्हणजे पुरुष आणि एम-एन-ए म्हणजे बायका. 'बॅन'चं अनेकवचन 'म्ना'. पाहुणे आले की मी हे आधी सांगते, कारण एम दिसला की पुरुषमंडळी सरळ घुसतात.

गॉलवेचा काका:
खरंय. आमच्याकडे तर त्यालाच 'म्रा' म्हणतात, लिहितात मात्र एन.

लेकीची आई, डब्लिन:
नवरा गप्प आहे. पण लेक 'अन व्हॅन' असंही म्हणते. ते काय?

गॉलवेचा काका:
तीच बाई. 'अन' म्हणजे इंग्रजी 'द'. तो पुढे लागला की स्त्रीलिंगी शब्दातला ब मऊ होऊन व होतो, लिहिताना बीनंतर एच घालतात. 'फॅर' पुल्लिंगी, म्हणून 'अन फॅर' जसाच्या तसा. वहीत एच राहिला असेल तर घालायला सांगा, बाई तिथेच लाल पेन चालवतात.