घरं हवीतच, पण काळीत नकोत

दादा, रस्त्यालगत प्लॉट पाडले तर गावच्या पोरांना घरं मिळतील, असं तुम्ही लिहिलंय. घरं हवीत, हे मलाही पटतं. पण जागा चुकतेय. आपल्या पूर्वजांनी पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या जमिनीत, वस्ती केली आणि काळी, म्हणजे शेतीची जमीन, नांगराला ठेवली, ती उगाच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर साधा पाया घातला की भिंतींना तडे जातात.

आमच्या यावल तालुक्यातल्या गावात रस्त्याकडेला केळीचा मळा होता. आता तिथे मुरूम टाकून नंबरचे दगड रोवलेत. निम्मे प्लॉट बाहेरच्यांनी घेऊन ठेवलेत, घर एकही नाही, नुसती काटेरी बाभूळ. शेतांना पाणी नेणारी पाटचारी बुजल्यामुळे खालच्या दोन शेतांत पाणी तुंबतं, ते वेगळंच.

शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला आळा घालणारा तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, तरी गुंठे विकले गेलेच. म्हणून ग्रामसभेत आधी गावठाणातल्या पडक्या घरांची यादी करा. भावकीचे वाद मिटवायला वेळ लागेल, लागू द्या. तरीही जागा कमी पडली तर बरडाकडे, म्हणजे हलक्या, खडकाळ जमिनीकडे, गावठाण वाढवून मागा. विहिरीखालची बागायत मात्र सोडू नका, दादा.