हायड्रोजन भरताना गॅस उणे चाळीसपर्यंत गार का करतात? आणि नोझल गोठलं तर?

पाना_१७
सीएनजी डिस्पेन्सरची (पंपावर गाडीत गॅस भरणाऱ्या यंत्राची) देखभाल नीट माहीत आहे, हायड्रोजनची नाही. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्यांत मुंबई आणि पुणेही आहेत, म्हणजे हे काम आज ना उद्या आपल्याकडे येणार. तीन शंका आहेत. सीएनजी न गारवता भरतो, मग इथे गारवा कशाला? नोझल गाडीला चिकटतं म्हणतात, ते कसं सोडवायचं? आणि याला वास नाही, तर गळती कळते कशी?

घनता_मोजा
टाकी तापते म्हणून. आत आधीपासून असलेला गॅस नव्या गॅसखाली दाबला जातो आणि तापतो. सीएनजीतही हे होतं, पण मिथेन (सीएनजीतला मुख्य गॅस) झडपेतून सुटताना गार पडतो, त्याची थोडी मदत मिळते. हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला झडपेतून सुटताना उलट किंचित तापतो. त्यात टाईप ४ टाकीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर आणि वरून कार्बन फायबर, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. टाकीची मर्यादा ८५ अंश आहे. कारच्या ७०० बार (बार हे दाबाचं एकक) टाकीत तीन ते पाच मिनिटांत पाचेक किलो भरायचं, तर गॅस उणे ३३ ते उणे ४० अंशांवरच यावा लागतो.

दाबाच्या काट्यावर ७०० दिसलं म्हणजे टाकी भरली, असं समजू नका. भरलेली टाकी म्हणजे १५ अंशांना ७०० बार, लिटरमागे ४०.२ ग्रॅम. तेवढाच गॅस ८५ अंशांना ८७५ बार दाखवतो. ३५० बारच्या टाकीत हाच हिशेब २४ ग्रॅम आणि ४३७.५ बार असा आहे. गरम टाकी ७००ला थांबवली, तर ती निवल्यावर दाब उतरतो आणि चालक ‘कमी भरलं’ म्हणून तक्रार घेऊन येतो.

ओरिंग
नोझलबद्दल. आधी ते गोठलंय की आत दाब अडकलाय, हे ओळखा. भरणं संपल्यावर नोझलमधला दाब व्हेंटने (उरलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटेने) उतरला नसेल तर दांडा हलणारच नाही, तेव्हा जोर लावणं धोक्याचं. दाब उतरलाय आणि तरी सुटत नाही, तर बर्फ आहे. दमट हवेत लागोपाठ गाड्या भरल्या की हा त्रास वाढतो, आपल्या पावसाळ्यात तर नक्की होईल. काही मिनिटं थांबा, वितळू द्या. हातोडी नको, हीट गन तर मुळीच नको. कोरड्या नायट्रोजनचा झोत नोझलवर सोडण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

जोडण्याआधी नोझलचा ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) आणि गाडीचं तोंड बघा. पाणी किंवा धूळ असेल तर पुसून घ्या. जोडल्यावर डिस्पेन्सर आधी गॅसचा छोटा झटका देऊन टाकीचा दाब मोजतो आणि गळती तपासतो. गाडी इन्फ्रारेडवरून टाकीचं तापमान कळवते. हा संपर्क तुटला की डिस्पेन्सर तापमान माहीत नसताना वापरायच्या सावध तक्त्यावर जातो आणि टाकी पूर्ण भरण्याआधीच थांबतो. कमी भरल्याची तक्रार आली की नोझलवरची इन्फ्रारेडची काच पुसलेली आहे ना, हेही बघावं. ७०० बारचं नोझल ३५०च्या तोंडात बसत नाही, तशीच रचना आहे. अडॅप्टर शोधू नका.

पाना_१७
आणि वास?

घनता_मोजा
वासाच्या द्रव्यात गंधक असतं, त्याने फ्युएल सेल (गाडीत हायड्रोजनपासून वीज बनवणारा भाग) निकामी होतो. म्हणून सगळी भिस्त डिटेक्टरवर. गॅस वर जातो, म्हणून डिटेक्टर छताखाली उंचावर हवेत आणि छताला गॅस साठेल असे कोनाडे नकोत. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेटतो, मिथेन ५ ते १५. ठिणगीही मिथेनपेक्षा कितीतरी कमी पुरते. दिवसा ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे फुसफुस ऐकून हाताने जागा शोधायला जाऊ नये. इमर्जन्सी स्टॉप दाबायचा आणि लांब जायचं. पेटलेला झोत गॅस बंद होण्याआधी विझवू नका, न जळालेला गॅस साठून स्फोट होतो.

ओरिंग
डिस्पेन्सरइतकंच साठवणुकीकडे बघा. १० जून २०१९ ला नॉर्वेत सांडविका इथल्या पंपावर स्फोट झाला, तेव्हा गळती उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगमधून झाली होती. कारण जोडणीतली चूक, बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळा, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि रंगाची खूण करा.