मदत हवी आहे: नाताळातली सक्तीची रजा आणि सक्तीचं स्नेहसंमेलन, परिपत्रक कसं काढू?

अंबड_ॲडमिन

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं काम करणारं ऑफिस आहे. ६० माणसं, पाच दिवसांचा आठवडा, ग्राहक जर्मनी आणि इंग्लंडचे. डिसेंबरचं परिपत्रक मला काढायचं आहे. साहेबांनी तोंडी सांगितलेलं असं:

२४ डिसेंबर (गुरुवार) ते १ जानेवारी (शुक्रवार) ऑफिस बंद, आणि ते सगळे दिवस प्रत्येकाच्या अर्जित रजेतून कापायचे. २५ ची वेगळी सुट्टी नाही, ती त्यातच धरायची. वार्षिक स्नेहसंमेलन रविवारी, २० डिसेंबरला, गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर, दुपारी ४ ते रात्री ११. हजेरी सक्तीची, न येणाऱ्याची एक रजा कापायची.

स्टाफमध्ये काही ख्रिस्ती सहकारी आहेत. चौघे जण जुलैनंतर लागलेत, त्यांच्या खात्यात अर्जित रजा शून्य आहे. हे असंच्या असं लिहून काढलं तर काय काय अंगाशी येईल? आणि साहेबांसमोर पर्याय कोणता ठेवू?

मस्टर_बुक

आधी कायदा कुठला ते पक्कं करा. पत्त्यात एमआयडीसी आहे म्हणून कारखाना होत नाही. नुसती ड्रॉइंग निघत असतील, उत्पादन काही नसेल, तर तुम्ही महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खाली येता. रजा आणि सुट्ट्या त्यातल्या कलम १८ मध्ये आहेत:

किरकोळ रजा वर्षाला ८. तिमाहीला २ अशा जमा होतात, आणि ३१ डिसेंबरला उरलेल्या बुडतात.

अर्जित रजा: वर्षात २४० दिवस काम भरलं तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १. म्हणजे २६० दिवस भरलेल्याला १३. ही बुडत नाही, ४५ पर्यंत साठते.

सणांच्या पगारी सुट्ट्या ८. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या.

इथेच लोक घसरतात. २५ डिसेंबरला बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात, कारण शासन ती सुट्टी परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ खाली जाहीर करतं. खाजगी ऑफिसला ती आपोआप लागू होत नाही. तुमच्या यंदाच्या यादीत नाताळ आहे का, ते बघा. असेल तर साहेब ती शटडाउनमध्ये जिरवू शकत नाहीत. यादीतल्या सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट रोज द्यावा लागतो, शिवाय बदली सुट्टी. नसेल तर कायद्याने हक्क नाही, पण मग निदान ती 'सुट्टी' म्हणून मिरवू नका.

आता हिशोब. शनिवार-रविवार सोडले तर २४, २८, २९, ३०, ३१ हे पाच दिवस. २५ यादीत नसेल तर सहा. १ जानेवारी धरून सात. तेराच्या खात्यातून सात गेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त रजा माणसाने न मागता गेली. त्यातही १ जानेवारी पुढच्या वर्षाच्या खात्यात पडते. रजेचं सॉफ्टवेअर सलग तारखा टाकल्या की बरेचदा सगळं डिसेंबरातच वजा करतं, ते हाताने तपासा.

मूळ मुद्दा असा की अर्जित रजा कामगार मागतो आणि मालक मंजूर करतो. मालकाने स्वतःच्या सोयीने कुलूप लावलं आणि रजा कामगाराची लिहिली, हे तेव्हाच टिकतं जेव्हा नियुक्तीपत्रात किंवा सही केलेल्या रजा-धोरणात तसं स्पष्ट कलम असतं. ते आधी शोधा. नसेल तर संमतीने करा, परिपत्रकाने नको.

गोदाकाठ

रजेचं वर आलंच आहे, मी स्नेहसंमेलनाचं बोलतो. तुमच्या मसुद्यातला सगळ्यात महाग शब्द 'सक्तीची' हा आहे. तो लिहिला की ती पार्टी राहत नाही, कामाचा दिवस होतो, आणि कामाच्या दिवसाचे सगळे नियम मागोमाग येतात.

रविवार ही तुमची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट दराने पैसे, आणि बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत दुसरी सुट्टी. न येणाऱ्याची रजा कापायची म्हणता, पण मस्टरवर त्या रकान्यात आधीच 'सा.सु.' लिहिलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी रजा कशातून कापणार?

रात्री ११. कलम १३ प्रमाणे महिलांना रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत कामाला लावायचं तर त्यांची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची. 'बस द्वारका चौकात सोडेल, पुढे आपापलं बघा' हे चालत नाही.

लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ मध्ये कामाच्या निमित्ताने गेलेली जागा आणि कंपनीने दिलेलं वाहन, दोन्ही 'कामाचं ठिकाण' आहे. रिसॉर्ट आणि बस त्यात आली. त्या कायद्याखाली तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीतल्या किमान एका सदस्याने कार्यक्रमाला थांबावं आणि त्यांचा नंबर परिपत्रकात छापावा. बसमध्ये कोण चढलं, कोण कुठे उतरलं याची यादी ठेवा. येता-जाता अपघात झाला तर तो कामाच्या ओघात झाला की नाही हा वाद त्या एका 'सक्ती'ने कंपनीच्या विरुद्ध झुकतो.

बाकी व्यवहाराचं. डिसेंबरात धरणाच्या काठी अंधार पडला की हुडहुडी भरते. उघड्या लॉनवर रात्री ९ नंतर माणसं शेकोटीभोवती गोळा होतात आणि स्टेजवर निवेदक एकटा बोलत बसतो. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करायचा नियम आहेच. म्हणजे ११ पर्यंतच्या वेळेचं भाडं द्यायचं कशाला?

पाथर्डी_फाटा

एवढा कायद्याचा कीस कशाला? वर्षातून एकदा मालक खर्च करतो. सक्ती केली नाही तर ६० पैकी २५ येतात, आणि ताटं मात्र ६० ची भरावी लागतात.

गोदाकाठ

ताटांची अडचण खरी आहे, पण तिचा इलाज वेगळा. जेवणाच्या आकड्याची हमी रिसॉर्टवाले साधारण आठवडाभर आधी घेतात, त्याच्या दोन दिवस आधी सही घेऊन नावं गोळा करा. हमी ८५-९० टक्क्यांवर द्या, वरची ताटं ऐनवेळी वाढवून मिळतात. आणि लोक न येण्याचं कारण बहुतेकदा दिवस-वेळ हेच असतं. शुक्रवार १८ डिसेंबर घ्या. सकाळी ऑफिस, १२ ला अंबडहून बस, १ वाजता जेवण, मग खेळ-बक्षिसं-भाषण, ५ ला परत, ६ ते ६.३० च्या दरम्यान माणूस आपल्या थांब्यावर. पगारी दिवस असल्याने हजेरी आपोआप येते. ज्याला यायचं नाही त्याने ऑफिसात बसून काम करावं, त्याची रजा कापायची नाही. शनिवार-रविवारपेक्षा शुक्रवार दुपारचा दर रिसॉर्टवाले सहसा कमी लावतात, साहेबांना हे आधी सांगा.

शरणपूर_रोड

तारखांबद्दल थोडं. ख्रिस्ती सहकाऱ्यांची खरी धावपळ २४ च्या संध्याकाळपासून असते. कॅथलिक घरांत २४ ला मध्यरात्रीची मिस्सा, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत २५ च्या सकाळची उपासना. त्याआधीच्या आठवड्यात संध्याकाळी घरोघर कॅरल गात फिरणं असतं, म्हणून १८ ते २३ मध्ये कुणालाही सातच्या पुढे थांबवून ठेवू नका. ३१ च्या रात्री वर्षअखेरची उपासना आणि १ ला सकाळी पुन्हा. बंद ठेवायच्या तुमच्या तारखा त्यांना सोयीच्याच आहेत. अडचण फक्त एवढी की स्वतःच्या सणाला त्यांचीच रजा कापली जाते आणि दिवाळीला सगळ्यांना फुकट सुट्टी मिळते. हे बोलून दाखवत नाही कुणी, पण लक्षात राहतं.

पुढच्या वर्षासाठी उपाय सोपा आहे. चार सणांची यादी ३१ डिसेंबरच्या आत करायचीच आहे, तर तिच्या वर दोन ऐच्छिक सुट्ट्या ठेवा. नाताळ, गुड फ्रायडे, रमजान ईद, बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती अशा आठ-दहा नावांतून ज्याने त्याने जानेवारीत दोन निवडून लिहून द्यायच्या. नंतर बदल नाही.

अजून एक. यंदा १७, २४, ३१ डिसेंबर हे तिन्ही मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. बऱ्याच घरांत महिनाभरच मांसाहार बंद असतो. शुक्रवार घेतलात तरी शाकाहारी ताटं नेहमीच्या अंदाजापेक्षा जास्त सांगा, आणि काउंटर वेगळा मांडायला लावा. एकाच टेबलावर शेजारी-शेजारी भांडी ठेवली की अर्धे लोक नुसता भात-वरण घेऊन उठतात.

दुसरी_पाळी

साहेब 'ग्राहक बंद' म्हणतात, ते तपासलंत का? जर्मनीत २५ आणि २६ डिसेंबर सार्वजनिक सुट्ट्या. २४ आणि ३१ कायद्याने सुट्ट्या नाहीत, कंपन्या आपापल्या ठरवून बंद ठेवतात. २६ शनिवारी आला तरी तिकडे बदली सुट्टी मिळत नाही. इंग्लंडमध्ये मिळते, म्हणून तिथे यंदा सोमवारी २८ ला सुट्टी आहे. २९, ३०, ३१ हे तिकडचे कामाचे दिवस. १ जानेवारी दोन्हीकडे बंद.

म्हणून नोव्हेंबरातच प्रत्येक ग्राहकाकडून मेलवर बंदच्या तारखा आणि तातडीचा संपर्क मागवा. तीन-चार जणांचं काम चालू निघालं तर २८ ते ३१ दोघा-दोघांची पाळी लावा. त्या दिवसांची रजा अर्थातच कापायची नाही. सर्व्हर आणि यूपीएस कोण बघणार तेही त्याच तक्त्यात.

अंबड_ॲडमिन

खूप आभार. यादी बघितली, २५ डिसेंबर त्यात नाही. नियुक्तीपत्रात शटडाउनचं कलमही नाही. साहेब शुक्रवारला तयार आहेत आणि २५ पगारी द्यायलाही. पण बाकीचे सगळे दिवस कंपनीने सोसायचे याला नाही म्हणतात. शनिवारी भरून घेऊ म्हणतात. आणि त्या चौघांचं काय करू?

मस्टर_बुक

शनिवार चालेल, पण तास मोजा. आठवड्याची मर्यादा ४८ तास. जेवणाची सुट्टी वगळून रोज ८ तास भरत असतील तर पाच दिवसांचे ४० आणि शनिवारचे ८, बरोबर ४८. रोज साडेआठ असतील तर ४२.५ होतात, मग शनिवारी साडेपाच तासांच्या वर गेलात की ओव्हरटाइम, तोही दुप्पट दराने. रविवारला हात लावायचा नाही.

वाटणी अशी मांडून बघा. २५ कंपनीची. २४ आणि ३१ किरकोळ रजेतून, ज्यांच्या शिल्लक आहेत त्यांच्या. नाहीतरी ३१ ला बुडणारच आहेत, त्यामुळे याला विरोध होत नाही. २८ आणि २९ दोन शनिवारी भरून, ५ आणि १२ डिसेंबर. १९ मोकळा सोडा, स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. ३० आणि १ जानेवारी कंपनीने द्यावे. म्हणजे साहेबांच्या खिशातून एकूण तीन दिवस, आणि अर्जित रजेला धक्का नाही. ज्याला स्वतःहून अर्जित रजा टाकायची आहे त्याने अर्ज द्यावा.

ते चौघे: किरकोळ रजा त्यांच्याही खात्यात तिमाहीने जमा झालेली असणार, तीच वापरा. शनिवार त्यांनाही खुले. तरी एखादा दिवस कमी पडला तर त्याला २८ ते ३१ च्या पाळीत घ्या किंवा घरून शिकण्याचं काम द्या. बिनपगारी लिहू नका. तो गैरहजर नाही, दार तुम्ही बंद केलंय. आगाऊ अर्जित रजा देण्याचा मोहही टाळा, माणूस मार्चमध्ये सोडून गेला की अंतिम हिशोबात वसुलीवरून भांडण होतं.

एक अपवाद: व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी पदांवरच्या ज्यांची नावं लावलेल्या यादीत आहेत, त्यांना हा कायदा लागू नाही. त्यांचं नियुक्तीपत्राप्रमाणे बघा.

मसुदा घ्या:

'दि. २४ डिसेंबर ते १ जानेवारी कार्यालय बंद राहील. दि. २५, ३० डिसेंबर व १ जानेवारी पगारी सुट्टी. दि. २४ व ३१ साठी शिल्लक किरकोळ रजा वापरता येईल. दि. २८ व २९ च्या बदल्यात शनिवार दि. ५ व १२ डिसेंबर कामाचे दिवस राहतील. ज्यांना शनिवारी येणे शक्य नाही त्यांनी रजेचा अर्ज ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावा. पाळीचा तक्ता सोबत जोडला आहे. वरील व्यवस्था मान्य असल्याची सही सोबतच्या यादीवर करावी.'

स्नेहसंमेलनाचं परिपत्रक वेगळं काढा. दोन्ही एकत्र केलीत की सहीच्या यादीत कोण कशाला हो म्हणालं ते कळत नाही.

अंबड_ॲडमिन

किरकोळ रजा आधीच संपवून बसलेले आठ-नऊ जण आहेत. २४ आणि ३१ ला त्यांचं?

मस्टर_बुक

पाळीचा तक्ता त्यांच्यापासून भरायला घ्या. ३१ ला दोघे तिथे बसतील. २४ ला तिकडचे ग्राहक अर्धा दिवस तरी असतात, त्या दिवशी चौघे ठेवा. उरलेल्यांना (२४ ला चार-पाच, ३१ ला सहा-सात) विचारा, अर्जित रजा टाकायची की आणखी एक शनिवार, २१ नोव्हेंबर.