सशीण पिल्लांजवळ बसतच नाही, काय करावं?

प्रश्न (लातूर):
काल पहाटे आमच्या सशिणीनं 6 पिल्लं दिली. बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. छातीचे केस उपटून तिनं खोक्यात मऊ गादी केलीय, पण स्वतः दिवसभर लांब कोपऱ्यात. पोरगी रडायलीय. गाईचं दूध ड्रॉपरनं पाजू का?

उत्तर (परभणी):
ताई, गाईचं दूध नकाच पाजू. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते, बहुतेक पहाटे नाहीतर रात्री. चार-पाच मिनिटं पाजते अन् निघून जाते. रानात ती बिळाजवळ बसून राहिली तर शिकारी जनावराला पत्ता लागेल, म्हणून ही सवय. सकाळी हात धुऊन एकेक पिल्लू बघा. पोट गोल, टम्म असेल तर पाजलंय. कातडीला सुरकुत्या अन् अंग गार असेल तर लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. पिल्लू बाहेर पडलं तर तुम्हीच आत ठेवा, मांजरीसारखं ती उचलून आणत नाही. नर वेगळा केलाय ना? व्यायल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते.

प्रश्नकर्ती:
नर आत्ताच हलवला. पाचांची पोटं टम्म आहेत, सहावं बारीक दिसतंय. वर पत्रा आहे, लई तापतो.

उत्तर (बीड):
खोकं पत्र्याखालून आजच काढा, उकाडा सशाला सोसत नाही. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आईला लसूणघास अन् गार पाणी भरपूर द्या. बारक्याला उद्या डॉक्टरला दाखवाच.