अंगात वारं भरलेल्या कुत्रीला घर देताना अटी घालायच्या की नाही?

सकाळची_पाळी
परवा आमच्या बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या भिंगरीची पोस्ट टाकली होती. दीड वर्षाची, मध्यम बांध्याची, लसी आणि नसबंदी झालेली, प्रचंड एनर्जी. खाली लिहिलं होतं की दिवसा घरी कोणीतरी असावं, अंगण असावं, लहान मुलं नसावीत, आधी कुत्रं सांभाळल्याचा अनुभव असावा. त्यावर एकांनी लिहिलं, "कुत्रीला घर देताय की नोकरीच्या मुलाखती घेताय? तुमच्या अटींपायीच ही जनावरं पिंजऱ्यात म्हातारी होतात." त्याला लाइक्सवर लाइक्स. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

भिंगरी आमच्याकडे दोनदा परत आलीये. पहिल्यांदा ११ दिवसांनी, दुसऱ्यांदा पाच आठवड्यांनी. माणसं वाईट नव्हती हो, दोन्ही घरची. पहिल्या घरी सगळे सकाळी आठला बाहेर आणि संध्याकाळी सातला आत, तिने सोफा उसवला, दाराची चौकट कुरतडली. दुसऱ्या घरी माणूस संध्याकाळी दमून आला की ही बाही तोंडात धरून ओढायची, खेळ म्हणायची. ते हात वर करायचे, ओरडायचे, तिला वाटायचं खेळ रंगात आला. परत करताना फॉर्मवर कारण लिहिलं "चावते". आता तो शब्द तिच्या कागदावर कायमचा. दात टेकवणं आणि चावणं यातला फरक फॉर्म वाचणाऱ्याला कोण सांगणार?

मी सकाळी पिंजरे धुते. तिच्या पिंजऱ्यात रोज फरशीवर घाणीचं एक गोल वर्तुळ उमटलेलं असतं, रात्रभर त्याच वाटेवरून फिरलेली असते ती. दुसऱ्यांदा परत आल्यापासून ते वर्तुळ जास्त गडद झालंय. तिसऱ्यांदा परत यायला नको म्हणून अटी आहेत. हौस म्हणून नाहीत.

साधं_बोला
ती कमेंट माझीच. मागे घेणार नाही. मी तीन ठिकाणी अर्ज केला होता, तिन्हीकडून नकार. तिसरा मजला, लिफ्ट नाही, अंगण नाही, संपला विषय. घरी येऊन बघायलासुद्धा कोणी आलं नाही. मी रोज पहाटे एक तास चालतो, घरून काम करतो, हे अर्जात लिहिलं होतं पण त्याला रकानाच नव्हता! शेवटी एक बेवारस पिल्लू घरी आणलं, त्याला आता नऊ वर्षं झाली, जिने चढउतार करून त्याचे पाय माझ्यापेक्षा मजबूत आहेत. आणि समोरच्या बंगल्यात एवढं मोठं अंगण, त्यांचा कुत्रा दिवसभर फाटकाला नाक लावून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो. तुमच्या फॉर्ममध्ये तो पास आणि मी नापास.

दोन_पट्टे
अंगणाच्या बाबतीत साधं_बोला यांच्याशी शंभर टक्के सहमत. अंगण म्हणजे फक्त मोठा पिंजरा, त्यात माणूस उतरला नाही तर. कुत्रं एकटं अंगणात गोल गोल पळून स्वतःला दमवत नाही, ते दाराशी येऊन बसतं. माझ्याकडे दोन आहेत, त्यातलं धाकटं असंच वारा प्यायलेलं. वर्षभर मी त्याला पळवून पळवून दमवायचा प्रयत्न केला, झालं काय तर त्याचा स्टॅमिना वाढला आणि माझे गुडघे गेले. फरक पडला तो वास घ्यायला लावल्यावर. टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवायचं, गवतात दाणे पसरायचे, वॉकला त्याला हवं तिथे हवं तितका वेळ नाक खुपसू द्यायचं. २०१९ मध्ये यावर एक प्रयोग पण झालाय, दोन आठवडे रोज नाकाचा खेळ खेळलेल्या कुत्र्यांच्या पुढे भरलेली की रिकामी हे माहीत नसलेली वाटी ठेवली तर ती आधीपेक्षा लवकर तिच्याकडे गेली, म्हणजे आत काही असेल अशी आशा वाढली. पायाला चिकटून चालायचा सराव केलेल्या कुत्र्यांत तो फरक दिसला नाही.

जुनाजाणता
हे सगळे लाड आहेत. आमच्या घरी चाळीस वर्षं कुत्री होती. घरातला म्होरक्या कोण हे एकदा कळलं की कुत्रं गप्प बसतं. अंगावर उडी मारली की गुडघा द्यायचा, तोंड लावलं की पाठीवर पाडून धरायचं. लांडग्यांच्या कळपात असंच चालतं.

दोन_पट्टे
काका, लांडग्यांचं सोडा. म्होरक्या लांडग्याची ती कल्पना ज्यांच्या लिखाणामुळे जगभर पसरली त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये निबंध लिहून सांगितलं की जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. मारामारी करून गादी मिळवणं वगैरे दिसलं ते पिंजऱ्यात एकत्र कोंबलेल्या अनोळखी लांडग्यांत. आणि दोनदा घर सुटलेल्या कुत्रीला पाठीवर पाडून धरलंत तर आज जे दात टेकवणं आहे ते उद्या खरं चावणं होईल, मग फॉर्मवरचा शब्द खरा होईल.

रात्रपाळी
मी इथे लिहावं की नाही असा दोन तास विचार केला. मी कुत्रा परत केलेल्यांपैकी आहे.

तो पण साधारण भिंगरीच्याच वयाचा होता. शेल्टरमध्ये बघितला तेव्हा मांडीवर डोकं ठेवून झोपला, मला सांगितलं होतं "खूप शांत आहे". पहिले तीन दिवस खरंच शांत होता, कोपऱ्यात पडून. चौथ्या दिवसापासून जे सुरू झालं ते सांगता येत नाही. माझी रात्रपाळी असते, दिवसा झोप हवी, तो दिवसा दर अर्ध्या तासाला उठून बसायचा, खिडकीतून दिसेल त्यावर भुंकायचा, मी उठले की पायाच्या घोट्यांना दात. मी रडायचे आणि तो माझे अश्रू चाटायचा आणि परत घोटा धरायचा. १९ व्या दिवशी मी त्याला गाडीत बसवलं. तो आनंदात होता, गाडी म्हणजे फिरायला जायचं. शेल्टरचं फाटक ओळखलं आणि शेपूट खाली गेली, ती शेपूट मला अजून दिसते.

मला कोणी विचारलं असतं की तुमची ड्यूटी कधी असते, तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही. माझ्याकडे अंगण होतं.

शेपूटवाली
माफ करा पण मला अजिबात दया येत नाहीये. १९ दिवस?? तो जीव पिंजऱ्यातून बाहेर आला, त्याला श्वास घ्यायला तरी वेळ द्यायचा. तीन दिवस बुजलेला, तीन आठवड्यांत घराची सवय, तीन महिन्यांत आपलंसं वाटणं, हा साधा अंदाज कुत्रं आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. तुम्ही तीन आठवडेही पूर्ण केले नाहीत. स्वतःचं मूल रडलं म्हणून परत करता का?

साधं_बोला
शेपूटवाली, हेच. याच भाषेमुळे माणसं कुत्रं आणायला घाबरतात. जमलं नाही तर परत आणता येईल असं वाटलं नाही तर कोण आणेल? आणि परत न आणता रस्त्यावर सोडणारे किती आहेत? ह्या बाईंनी निदान परत आणून सोडला आणि इथे येऊन कबूल केलं.

शेपूटवाली
कबूल केलं म्हणजे मेडल द्यायचं का. मी गेल्या वर्षी परत आलेल्या एका कुत्र्याला फॉस्टर केलं होतं, म्हणजे तात्पुरतं घरी सांभाळलं होतं, दारावरची बेल वाजली की तो पलंगाखाली जायचा, त्याला वाटायचं कोणीतरी न्यायला आलं. सहा महिने. तुम्ही सगळे परत करणाऱ्याची बाजू घ्या, मी पलंगाखालच्याची घेते.

रात्रपाळी
मी बाजू मागितलीच नव्हती ताई. तुम्ही जे लिहिलंत ते मी स्वतःला त्या दिवसापासून रोज म्हणतेय, त्यात नवीन काही नाही.

दोन_पट्टे
शेपूटवाली, तुमचा राग समजतो, पण १९ व्या दिवशी त्या घरात काय चाललं होतं ते परत वाचा. दिवसा झोप नाही, मदतीला कोणी नाही, कुत्रा वयात येणारा. ते वयच तसं असतं. २०२० च्या एका अभ्यासात पाच महिन्यांची आणि मग आठ महिन्यांची झाल्यावर तीच कुत्री तपासली, आठव्या महिन्यात ती स्वतःच्या माणसाने "बस" म्हटलेलं कमी ऐकायला लागली आणि परक्याचं मात्र जास्त ऐकत होती. घरच्या माणसाला वाटतं याचा माझ्यावर जीवच नाही. आणि आणखी एक, असली पोरं दमली नाहीत म्हणून दात लावतात असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा ती *अति* दमलेली असतात. मोठं कुत्रंसुद्धा दिवसात १२ तासांच्या आसपास झोपतं. दर अर्ध्या तासाला उठणाऱ्या कुत्र्याची झोपच होत नव्हती. खिडकीला पडदा आणि अंधाऱ्या खोलीत एक पलंग, कदाचित तेवढ्यानेही फरक पडला असता. हे त्या फाटकावर कोणी सांगितलं का? नाही. "खूप शांत आहे" सांगितलं.

शेपूटवाली
"शांत आहे" सांगणं चूक होती. तेवढं मान्य. घाबरून गप्प बसलेलं कुत्रं आणि शांत कुत्रं यातला फरक शेल्टरवाल्यांना कळायला हवा. बाकी मी म्हटलं ते तसंच.

जुनाजाणता
म्हणजे आता चूक शेल्टरची? माणसाची कधीच नाही?

सकाळची_पाळी
शेल्टरची आहे, हो. मी दुपारपासून वाचतेय आणि रात्रपाळी यांचा मेसेज चार वेळा वाचला. "माझ्याकडे अंगण होतं" हे वाक्य मला लागलं. कारण भिंगरीच्या दुसऱ्या घरी पण अंगण होतं. मीच तो अर्ज पास केला होता, अंगण बघून. त्या माणसाचा संध्याकाळचा वेळ कसा जातो हे मी विचारलं नव्हतं.

पण साधं_बोला, तुमचं सगळं पटलं असं समजू नका. तुम्हाला अर्जात एक माणूस दिसतो, तुम्ही स्वतः. मला शंभर दिसतात, आणि त्यातल्या साठ-सत्तर जणांना फोटोतली कुत्री हवी असते, पहाटेची कुत्री नको असते. कोणाला घरात आणून बसवायचं हे ठरवायला मला काहीतरी विचारावंच लागेल. "सगळ्यांना द्या" म्हणणं सोपं आहे, परत आलेल्याला पट्टा लावून आत नेणारा हात माझा असतो.

साधं_बोला
सगळ्यांना द्या असं मी कधी म्हटलं? विचारा ना, खुशाल विचारा. पण दिवस कसा जातो ते विचारा. किती वाजता उठता, दुपारी कोण असतं, पाऊस असला तर काय करता, दात लावले तर काय कराल. मी एक पान भरून उत्तर दिलं असतं. चौरस फूट काय विचारता.

दोन_पट्टे
आणि अर्ज करणाऱ्याला दोन रात्री घरी नेऊ द्या, फॉस्टर म्हणून. कायमचं देण्याआधी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पाच शेल्टरांतल्या २०७ कुत्र्यांवर हे करून बघितलंय, एक-दोन रात्री घरी राहिलं की ताणाचं हार्मोन खाली आलं आणि कुत्री गाढ झोपली. परत आणल्यावर पातळी आधी होती तिथेच गेली, त्याच्यावर गेली नाही. म्हणजे दोन रात्रींनंतर परत आणलं तर तिचं मन मोडेल ही जी भीती आपण घालतो, ती निदान तेवढ्यापुरती खरी ठरली नाही. अर्थात पाच आठवड्यांनी परत येणं वेगळं.

शेपूटवाली
दोन रात्री चालतील. पण त्याला "ट्रायल" म्हणू नका, ट्रायल म्हटलं की लोक कपड्यासारखं घालून बघतात.

सकाळची_पाळी
दोन रात्रींचं मी उद्याच्या मीटिंगमध्ये मांडते, होईल का सांगता येत नाही, आमच्याकडे दोघांना ते अजिबात पसंत नाही. अंगणाची ओळ मात्र आत्ताच काढली. "आधीचा अनुभव" पण काढला, कारण जुनाजाणता यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवापेक्षा मला पहिल्यांदाच कुत्रं आणणारा पण प्रश्न विचारणारा माणूस परवडेल. काका, राग मानू नका, खरं तेच लिहितेय. आता पोस्टमध्ये असं आहे: दिवसातून दोनदा मोठं, नाक खुपसू देणारं फिरणं. सलग चार तासांपेक्षा जास्त एकटी नको, निदान पहिले तीन महिने. उत्साहात बाही धरते, हात न हलवता थांबणारं माणूस हवं.

जुनाजाणता
राग नाही. पण बाही धरू द्यायची हे मला पटणार नाही.

साधं_बोला
बरं झालं. आता मुलांची ओळ पण काढा. मुलांबरोबर वाढलेली कुत्री किती छान असतात.

सकाळची_पाळी
नाही. ती नाही काढणार. एक कुटुंब भेटायला आलं होतं, चार वर्षांचा मुलगा. भिंगरीने त्याला बघितलं आणि प्रेमानेच झेप घेतली, दोन्ही पंजे छातीवर. तो मागच्या मागे पडला, डोकं कठड्याला लागायचं थोडक्यात वाचलं. ती त्याचं तोंड चाटत होती आणि तो किंचाळत होता. मी पट्टा धरला होता, तरी.

साधं_बोला
हे पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. "लहान मुलं नसावीत" वाचून मला वाटलं नेहमीचं छापील वाक्य. हे वाचून कोण वाद घालेल.

सकाळची_पाळी
लिहिते. "झेपेने लहान मूल पडतं, दहा वर्षांवरची, ताठ उभी राहणारी मुलं चालतील." ठीक आहे?

साधं_बोला
दहा का, आठ चालणार नाही?