मदत हवी आहे: साथीच्या काळात आजारी विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी शाळेचे नियम कसे करावेत?

नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मी चौदा वर्षे विज्ञान शिकवतो आहे. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. पुन्हा एखादी साथ आली, तर आजारी मुले आणि आजारी कर्मचारी यांच्याबाबत शाळेने काय करायचे, याचा मसुदा तयार करण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले आहे. त्यासाठी करोनाकाळातील परिपत्रके मी पुन्हा वाचून काढली. मास्क, एका बाकावर एक विद्यार्थी, पालकांचे संमतिपत्र, हे सारे त्यांत आहे आणि वेळ आली तर ते पुन्हा करता येईल. माझी अडचण त्याहून साधी आहे. आजारी असेल त्याने घरी थांबावे, एवढाच नियम आमच्याकडे पाळला गेला नाही, आणि तो का पाळला गेला नाही हे लक्षात घेतल्याशिवाय नवा मसुदा लिहिण्यात मला अर्थ दिसत नाही.

२०२२ च्या जानेवारीअखेरीस राज्यातील शाळा पुन्हा उघडू लागल्या. आमची शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात घडलेली ही गोष्ट आहे. फाटकाशी शिपाईमामा ताप मोजण्याचे यंत्र घेऊन उभे राहत. थंडीत सायकलवरून आलेल्या मुलांच्या कपाळाशी धरले की ते ३४ अंश दाखवी, आणि वहीत मात्र रकाना भरायचा म्हणून सगळ्यांच्या नावापुढे ३६.५ लिहिले जाई. आठवीतील एक मुलगा असाच आत आला आणि चौथ्या तासाला बाकावर डोके टेकून बसला. हात लावून पाहिले तर अंग तापाने फणफणले होते. आईने सकाळी पॅरासिटामॉल देऊन त्याला पाठवले होते, कारण त्या दिवशी चाचणी होती आणि आई-वडील दोघेही कामावर गेल्यामुळे घरी कोणी नव्हते. त्याला वेगळे बसवावे म्हटले, तर शाळेतील एकमेव मोकळ्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली होती. अखेर व्हरांड्यात खुर्ची टाकून त्याला बसवले. दुपारपर्यंत त्याचे नाव पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. त्याची तपासणी निगेटिव्ह आली, पण त्यानंतर इतर पालक मुलांच्या गैरहजेरीच्या चिठ्ठीवर तापाऐवजी ‘गावी गेलो होतो’ असे लिहू लागले. माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले.

कर्मचाऱ्यांची स्थिती निराळी नाही. नियमित शिक्षकाला वर्षाला १२ किरकोळ रजा असतात. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना मात्र जितके तास घेतले तितकेच मानधन मिळते, त्यामुळे ते अंगात कणकण घेऊन येतात, आणि आपला तास दुसऱ्याच्या गळ्यात पडेल या संकोचाने नियमित शिक्षकही येतात.

मसुद्यात आतापर्यंत मी एवढे लिहिले आहे: औषध न घेता २४ तास ताप नसेल, तरच शाळेत यावे. घरी किती दिवस राहायचे तो आकडा मी मुद्दाम कोरा ठेवला आहे. जानेवारी २०२२ मधील केंद्राच्या सूचनेत सौम्य लक्षणांच्या करोनारुग्णासाठी किमान ७ दिवस आणि शेवटचे सलग ३ दिवस ताप नसणे अशी अट होती, पण पुढच्या आजाराला तोच हिशेब लागू पडेल असे नाही. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणासाठी डॉक्टरांचा दाखला मागू नये, पालकांची चिठ्ठी पुरेशी मानावी. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करावे, असेही सुचवले आहे. ते बक्षीस संस्थेच्या एका दिवंगत सभासदांच्या नावाने दिले जात असल्यामुळे विषय नाजूक आहे, तरी आजारी मुलाला शाळेत यायला लावणारे बक्षीस चालू ठेवून हा नियम करणे मला पटत नाही.

आता माझे प्रश्न. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. अशा वेळी साथीतील गैरहजेरीची नोंद तुमच्या शाळेने हजेरीपटावर कशी केली होती? एखाद्या तुकडीत किती मुले आजारी पडली की ती तुकडी घरी ठेवायची, हे कोणी ठरवले: मुख्याध्यापकांनी, शाळा समितीने की प्राथमिक आरोग्य केंद्राने? आजारी मुलाचे नाव बाहेर न जाता त्याच्या वर्गातील पालकांना सावध करणारी सूचना कोणी दिली असेल, तर तिचा मजकूर मिळेल का?

सर्वांत अडलेला मुद्दा तासिका शिक्षकांचा आहे. आजारपणात त्यांना काही मानधन द्यायचे ठरवले, तर ते कोणत्या निधीतून द्यावे आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येतो का, हे मला समजलेले नाही. कोणत्या संस्थेने तसा ठराव केला असल्यास त्याची शब्दरचना, नावे गाळून, येथे द्यावी ही विनंती. मेअखेरच्या सभेत मसुदा ठेवायचा आहे, म्हणून त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.